स्वस्त भावाला घाबरणारा माणूस

आमच्या साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची नव्हती. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका बऱ्यापैकी मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागाचे ते प्रमुख. सकाळपासून माल पुरवणाऱ्यांची रीघ लागलेली, आणि आलेल्याला समोर बसायची सोय नाही. पाहुण्याची खुर्ची होती ती साहेबांच्या शेजारी, त्यांच्या खुर्चीला खेटून. येणाऱ्याला टेबलाला वळसा घालून पलीकडे जावं लागायचं. नवखा माणूस दारातच घुटमळायचा, मग साहेब म्हणायचे, "या की पावणं हिकडं. तिकडं काय भांडायला बसायचं हाय व्हय?" समोरासमोर बसलं की मध्ये टेबल येतं आणि दोन बाजू पडतात, शेजारी बसलं की दोघांच्या पुढ्यात फक्त ड्रॉइंग राहतं, असं त्यांचं म्हणणं. मी मुलाखतीला गेले तेव्हा मलाही त्यांनी तिथेच बसवलं. माझी प्रमाणपत्रं आम्ही दोघांनी मिळून अशी वाचली, जणू ती तिसऱ्याच कुणाची होती.

मी जयसिंगपूरची. वडिलांचं बाजारात भुसारी मालाचं दुकान, त्यामुळे घासाघिशीचं बाळकडू घरातच मिळालेलं. इंजिनिअर झाले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात या नोकरीला लागले, आणि खरेदी म्हणजे काय हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे अशा तोऱ्यात वावरायला लागले. साहेब मला 'व्यापारीण' म्हणायचे. लागल्या लागल्याच मी एका पुरवठादाराकडून बोल्टांचा भाव चांगलाच खाली उतरवला आणि कौतुकाच्या अपेक्षेने साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, तो माणूस गेला कसा? मी म्हटलं, हसत गेला. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. हसत गेला म्हणजे माल हलका येणार, म्हणाले. रडत गेला असता तर माल उशिरा आला असता. माणूस गप्प जायला पाहिजे, मनात हिशेब करत. पुढे ते बोल्ट आटे गेले म्हणून जुळणी खात्यातून परत आले. मी कुणाला सहजासहजी मानणारी नाही, माझ्या जिभेला घरातसुद्धा सगळे वचकून असतात. पण त्या दिवसापासून साहेबांपुढे मी जरा बेताने बोलायला लागले.

साहेब मूळचे गारगोटीकडच्या शेतकरी घरातले. उंच, काटकुळे, पायात कायम करकरणाऱ्या चपला आणि पिशवीत एक छोटी हातोडी. ओतकाम, म्हणजे साच्यात लोखंड ओतून केलेला भाग, चांगलं असलं तर हातोडी मारल्यावर खणखणतं, आत तडा असला तर बद्द वाजतं. हे फौंड्रीच्या धंद्यात सगळ्यांनाच माहीत असतं. पण साहेबांना ती खोडच लागली होती. ते सगळंच वाजवून बघायचे. नवी स्कूटर घेतली तेव्हा ती वाजवली. माझा डबा वाजवला. एकदा आमच्या हिशेबनिसाने नव्या घराच्या वास्तुशांतीला बोलावलं, तर साहेबांनी भटजींच्या देखत त्याची फरशी वाजवली आणि कोपऱ्यातली एक पोकळ निघाली म्हणून गवंड्याला दुसऱ्या दिवशी यायला लावलं. हिशेबनीस पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

नवा पुरवठादार तपासायला गेलो की साहेब त्याच्या ऑफिसात पाऊल टाकायचे नाहीत. थेट मागे जायचे, जिथे नापास झालेल्या ओतकामाचा ढीग असतो तिथे. पुढून सगळेच नवरदेव असतात, म्हणायचे. ढिगात एकाच जागी भोक पडलेले नग दिसले की समजायचं, हा माणूस शिकत नाही. तऱ्हेतऱ्हेचे दोष दिसले तर हा नवं काहीतरी करून बघतोय, याला जवळ करा. आणि ढीगच नसला तर? मी विचारलं. "मग पळ काढायचा," साहेब म्हणाले, "ज्यो चुका लपवतोय त्यो माल बी लपवंल."

त्यांची आणखी एक उलटी चाल होती. पुरवठादाराच्या कारखान्यात ते पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत, पण त्याच्या घरी मात्र स्वतःहून जेवायला जायचे. मोठा करार त्यांनी कधी ऑफिसात केलाच नाही. करार माल देणाऱ्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या आणि आईबापांच्या देखत मोठ्याने वाचायचा, मगच सही, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यासाठी इंग्रजी कराराचा साध्या मराठीत उतारा ते स्वतः लिहायचे. वाचताना दर कलमाला थांबायचे आणि म्हणायचे, "मान हलवू नगा. तोंडानं सांगा, काय कळलं ते." आमच्याकडच्या फौंड्र्या घरोघरच्या. भाऊ भट्टी बघतो, पुतण्या गाडी चालवतो, सून बिलं करते. सही एक जण करतो, निभावतं सगळं घर, मग घराला नको का माहीत? एकदा असंच वाचताना एका पुरवठादाराची बायको भाकरी थापता थापता आतून म्हणाली, त्या हप्त्यात तर आपल्या पोरीचं लगीन हाय. नवऱ्याने त्याच हप्त्यात मालाच्या तीन गाड्या कबूल केल्या होत्या. साहेबांनी तिथल्या तिथे तारीख बदलली आणि त्या बाईंना म्हणाले, तुम्हीच आमच्याकडे नोकरीला या.

त्यांच्या करारांवर कंपनीचे पुण्याचे वकील हसायचे. एका करारात कलम होतं की पुरवठादाराच्या गावच्या यात्रेचे दिवस मुदतीत धरू नयेत. दुसऱ्यात लिहिलेलं, गळिताच्या हंगामात माल पोचवायला गाडी आधीपासून बांधून ठेवावी. वकिलांनी फोनवर मला विचारलं, हे साहेब तुमचे गंमत करतात का? मी म्हटलं, तुम्ही एकदा साखर कारखान्यांची धुराडी पेटल्यावर इकडे या आणि ऊस सोडून दुसरं काही वाहणारा ट्रॅक्टर शोधून दाखवा. यात्रेचंही तसंच. यात्रेच्या दिवशी साचे करणारा कामावर आला असं कोल्हापुरात कधी घडलेलं नाही, आणि दंडाचं कलम दाखवून देवाला थांबवता येत नाही.

दंडाबद्दल त्यांची मतं तर फारच वेगळी. उशीर झाला तर पुरवठादाराला दंड, तसा आपल्या चुकीने त्याचा खोळंबा झाला तर कारखान्यालाही दंड, असं ते दोन्हीकडून लिहायचे. हिशेब खातं यावरून हैराण असायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा म्हणून तर करार करतात ना? तेव्हा साहेबांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि समोरच्या उसाच्या फडाकडे बोट केलं. "धोका पाटाच्या पाण्यागत असतोय, पोरी. तू ढकललास म्हनून जात न्हाय. उतार बघून खाली जातोय आनि तळात साठतोय. आनि तळात कोन हाय? आपलाच माल."

हे सगळं मी दहाएक वर्षं बघत होते, शिकत होते, कधी कधी मनात हसतही होते. मग दोन हजार सालानंतर लवकरच ती गोष्ट घडली, आणि त्यानंतर मी त्यांना कधी हसले नाही.

कसबा बावड्यातल्या दोन भावांची फौंड्री आम्हाला बरीच वर्षं माल द्यायची. थोरला साच्यांतला वाकबगार, धाकटा भट्टीतला. मग वाटण्या झाल्या. शेडच्या मधोमध भिंत उभी राहिली, दोघांनी आपापले वेगळे धंदे थाटले, एकाने साचेवाले आणले, दुसऱ्याने भट्टीवाले. आई सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. त्याच सुमाराला आमचं नवं इंजिन निघालं आणि त्याच्या हेडचं, म्हणजे वरच्या झाकणाचं, वर्षभराचं ओतकाम कुणाला तरी द्यायचं ठरलं. मालकांनी बाहेरून एक नवे संचालक आणले होते. हुशार गृहस्थ, वाईट मुळीच नव्हते, पण सर्वांत कमी भाव हाच त्यांचा देव. दोन्ही भावांचे दरपत्रकांचे बंद लिफाफे आले. संचालकांनी पुन्हा भाव मागवले, दोघंही खाली आले. पुन्हा मागवले. थोरला थांबला. धाकट्याने घातलेल्या भावात नुसतं लोखंड आणि कोळसासुद्धा बसत नव्हता. साहेबांनी तो कागद टेबलावर पसरला आणि त्याच्यावर हातोडीने हलकेच टक् केलं.

शिरस्त्याप्रमाणे आम्ही करार घेऊन धाकट्याच्या घरी गेलो. आई तेव्हा त्याच्याकडेच होती. जेवणं चालू असताना साहेब वाचायला लागले. वर्षभर भाव बदलणार नाही, कोणत्याही कारणाने वाढ मिळणार नाही, हे कलम आलं तेव्हा थांबले.

"सांगा."

"वर्षभर ह्याच भावात देनार," धाकटा म्हणाला.

"लोखंड वाढलं तर?"

"तरीबी देनार."

"कुठनं देनार?"

तो ताटात बघत बसला. त्याची बायको भाकरी घेऊन दारात उभी राहिलेली. साहेब काही पुढचं वाचेनात. मग धाकटा एकदम उसळला, "कुठनंबी दीन साहेब. भट्टी इकीन. त्या भिंतीपल्याडच्याला मिळू देनार न्हाय, मग मी मातीत गेलो तरी चालंल."

आई उठून आत गेली. साहेबांनी कागदाची घडी घातली, ताटातलं सगळं संपवलं, वहिनींना भाजी चांगली झाल्याचं सांगितलं आणि आम्ही निघालो. सही झाली नाही. गल्लीच्या तोंडाशी, जीपमध्ये बसायच्या आधी, ते मला म्हणाले, "आत जे ऐकलंस ते तू ऐकलंच न्हाईस. हा ईर्षेनं भाव घालतोय हे एकदा बाजारात कळलं, की ह्याला कुनी दारात उभं करायचं न्हाय."

साहेबांनी ते काम शिरोळकडच्या एका तिसऱ्याच फौंड्रीला दिलं. भाव जास्त, आणि वर असं कलम की लोखंड वाढलं तर वाढ दोघांनी निम्मी निम्मी सोसायची, उतरलं तर फायदाही निम्मा निम्मा. संचालकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. साहेबांनी त्यांना समजावलं की इतक्या कमी भावात हा माणूस मध्येच बुडेल आणि आपली जुळणी बंद पडेल. संचालक म्हणाले, सही तो करतोय, दंड त्याला मान्य आहे, त्याचं तो बघेल. साहेबांनी पुन्हा समजावलं. मग संचालकांनी पेन खाली ठेवलं.

"त्याच्याविरुद्ध तुमच्याकडे काही ठोस माहिती आहे का? असेल तर आत्ता सांगा, विषय इथेच संपेल."

मी साहेबांकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं.

"नाही," साहेब म्हणाले. "माझा अंदाज आहे."

"महाग माल घेण्यामागे नुसता अंदाज नसतो, असं लोक म्हणतात."

"लोक म्हणतात खरं," साहेब म्हणाले.

शिरोळची ऑर्डर गेलेली होती, ती रद्द झाली नाही. पण पंधरवड्यात साहेबांची भांडारात बदली झाली. आयुष्यभर ज्याने माल निवडला त्याला आता आलेला माल मोजून रॅकवर लावायचा होता. खरेदी विभागात दुसरे प्रमुख आले. त्यांनी शेजारची खुर्ची उचलून समोर ठेवली. आणि धाकटा? त्याने गावभर सांगत सुटावं की साहेबांनी शिरोळवाल्याकडून खाल्लं. औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या गाड्यांवर हीच चर्चा. साहेबांच्या मंडळींना एका लग्नात कुणीतरी तोंडावर टोमणा मारला, त्या जेवायच्या आधीच घरी निघून आल्या. हे ऐकलं त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच भांडारात गेले आणि म्हटलं, साहेब, ज्याला वाचवलंत तोच तुमच्या तोंडाला काळं फासतोय. मला फक्त हो म्हणा, मी आत्ता वर जाऊन सांगते.

साहेब रॅकवरचं एकेक ओतकाम वाजवत होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "माझं नाव जुनं ओतकाम हाय, पोरी. चार दगडं बसली तर टवका उडंल, दुसरं काय? त्याचं अजून साच्यातच हाय. आत्ता हात लावलास तर मोडून हातात यील."

मला रडू आलं. मी नोकरीत रडले ती तेवढीच.

पुढे दोनेक वर्षांत लोखंडाचे आणि कोळशाचे भाव असे काही भडकले की आमच्या वसाहतीत कुणी कधी बघितलं नव्हतं. ज्यांनी वर्षाचे बांधील भाव घातले होते, त्यातल्या कितीतरी फौंड्र्यांनी भट्ट्या विझवल्या. त्यांच्या भरवशावर बसलेल्या कारखान्यांत माणसं हात बांधून बसली. आमची जुळणी एक दिवस थांबली नाही. दरवर्षी नव्याने होणाऱ्या शिरोळच्या करारात साहेबांचं ते निम्म्या वाटणीचं कलम तसंच चालत आलं होतं. संचालकांनी मला विचारलं, हे कुणी लिहिलं? मी नाव सांगितलं. त्यांनी ते कलम उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि जिना उतरून भांडारात गेले. संचालक भांडारात गेलेले आम्ही कधी बघितलं नव्हतं. त्यांनी साहेबांना परत वर यायला सांगितलं म्हणे. साहेब म्हणाले, निवृत्तीला काही महिने उरलेत, आता राहू दे. वर त्यांना रॅकवरच्या दोन नगांचे आवाज ऐकवले आणि फरक विचारला. संचालकांना तो सांगता आला, म्हणून साहेब दिवसभर खूश होते.

पण हे झालं संचालकांच्या मनातलं. गावाचं मत असं एका जिन्यावरून उतरत नाही. लोक म्हणाले, साहेबांनी खाल्लं आणि वर पचवलं.

साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि काही वर्षांनी त्यांची जागा माझ्याकडे आली. मी खुर्ची उचलून पुन्हा शेजारी ठेवली. एकदा असेच एका कामाचे लिफाफे फोडत होते, तर त्या दोन भावांचे लिफाफे लागोपाठ निघाले. दोघांचा भाव पैशापर्यंत एकच, आणि चांगलाच चढा. मी चौकशी केली. शेडमधली भिंत होती तिथेच होती, पण तिच्यात दार पाडलं होतं. थोरला साचे करत होता, धाकटा ओतत होता, नावं दोन ठेवली होती आणि भाव दोघांनी मिळून फुगवला होता. माझा संताप संताप झाला. दोघांनाही काळ्या यादीत टाकायचं ठरवूनच मी रविवारी एसटीने गारगोटी गाठली आणि तिथून साहेबांचं गाव.

साहेब परड्यात बसले होते. मी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले आणि जळफळत सगळं सांगितलं. त्यांनी कागद शेजारी शेजारी धरले, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांना धोतराचा सोगा लावायची वेळ आली. मंडळींना हाक मारून बाहेर बोलावलं आणि त्यांनाही ते कागद दाखवले.

"चिडतीस कशापायी?" मला म्हणाले. "फसवायचं म्हटलं तरी एका जाग्याला बसावं लागतंय की. जा आता, दोघांनाबी बोलव आनि चांगलं पिळून काढ. सोडू नगंस."

मंडळी चहा ठेवायला आत गेल्या. मी हळूच म्हटलं, साहेब, आता तर त्यांचं बस्तान बसलंय, आता धाकट्याला कुणी दारातून परत पाठवत नाही. आता तरी मी लोकांना खरं सांगू दे.

त्यांचं हसू थांबलं. कागदांची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली.

"थोरल्याला ठावं न्हाय, पोरी. पाठचा भाऊ आईदेखत त्याच्याबद्दल काय बोललाता ते. आत्ता कुठं दार पडलंय."

साहेब जाऊनही आता बरीच वर्षं झाली. इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, गावं आणि मालही थोडे इकडचे तिकडे केले आहेत, ते याच कारणाने. वसाहतीतलं जुनं कुणी भेटलं की अजून त्यांचा विषय निघतो. माणूस लाख हुशार, ओतकाम नुसतं ऐकून सांगायचा, असं म्हणतात, आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, पण शेवटी शेवटी हात ओला झाला बघा. माझ्या जिभेवर सगळं येतं. मी चहाचा कप उचलते आणि गप्प बसते.